उजव्या कौलाचा फोटो

माझे काम काय, असे कोणी विचारले की मी एका वाक्यात सांगते : एका प्रकारच्या फोनवरून निघालेला संदेश दुसऱ्या प्रकारच्या फोनवर जसाच्या तसा पोहोचतो की नाही, हे मी तपासते. त्यावरचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे, तो पोहोचत नाही?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी थोडी कीवही असते. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केली, आणि मुलगी मेसेज पोहोचला का ते बघते! माझ्या आत्याने तर चौकशीला आलेल्या एका स्थळाला "पोस्टात आहे" असे सांगून विषय मिटवला होता. विचार केला तर ती फारशी चुकली नव्हती.

रत्नागिरीत आमचे कार्यालय आहे. माणसे पाच, फोन साठ. एका मोबाइल सेवेसाठी संदेशांची देवाणघेवाण सांभाळणारी यंत्रणा पुण्याची आमची कंपनी बांधते आणि आम्ही ती तपासतो. पुण्यात सगळीकडे रेंज असते, म्हणून पुण्यात सगळे नीट चालते. ते कुठे चालत नाही हे शोधायचे असेल, तर आमच्या जिल्ह्यासारखी प्रयोगशाळा नाही. डोंगराच्या या अंगाला चार रेघा, वळण घेतले की शून्य. कंपनीने आम्हाला येथे ठेवले ते आमच्या बुद्धिमत्तेसाठी की आमच्या डोंगरांसाठी, हा वाद माझा सहकारी इम्तियाज अजूनही घालतो.

बाहेरच्या माणसाला ही अडचण समजावून सांगताना मला दाभोळची खाडी उपयोगी पडते. दोन्ही काठांवर चांगले रस्ते आहेत. पण फेरीबोट नव्हती तेव्हा मधल्या पाण्यावर फक्त होडी होती. होडीतून माणूस जाई, टोपली जाई, गाडी जात नसे. आयफोन आणि अँड्रॉइड हे असे दोन काठ आहेत. आपापल्या काठावर ते मोठमोठे फोटो सुखाने फिरवतात. पलीकडच्या काठावर फोटो पाठवायचा झाला, की आजवर तो मोडून होडीत मावेल इतका लहान करावा लागे. गटात लिहिलेल्या उत्तराचे तुकडे होत. समोरच्याने संदेश वाचला की नाही, हे कळत नसे. आता दोन्ही काठांना मान्य होईल अशी नवी पद्धत आली आहे. ती म्हणजे फेरीबोट. गाडी तशीच्या तशी चढते आणि तशीच्या तशी उतरते. निदान कागदावर तरी.

"पण हल्ली साधा मेसेज वापरतो कोण?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. उत्तर असे की, पुष्कळ जण वापरतात. ज्यांच्या वाडीत इंटरनेट दिवसातून दोन तास येते ते वापरतात. सकाळच्या फुलांच्या शुभेच्छांना कंटाळून ज्यांनी बाकीची सगळी ॲप काढून टाकली, ते निवृत्त लोक वापरतात. या दुसऱ्या वर्गाची संख्या मी सुरुवातीला फार कमी धरली होती.

चाचणीसाठी आम्हाला अशी कुटुंबे हवी होती, ज्यांच्या घरात दोन्ही प्रकारचे फोन आहेत. आम्ही फलक लावले, आणि आमच्याकडे माणसे येऊ लागली. एक निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांच्या मुलीच्या आयफोनवर मैत्रिणींचे संदेश निळ्या चौकटीत दिसत आणि वडिलांचे हिरव्या. "आयुष्यभर मी मुलांना श्रेण्या दिल्या," ते म्हणाले, "आता मुलगी मला देते. हिरवा म्हणजे काठावर पास ना?" रंगाचा गुणवत्तेशी संबंध नाही, हे मी त्यांना अर्धा तास समजावले. जाताना ते म्हणाले, "तरी निळा होतो का बघा." हेदवीच्या बाजूच्या एका बाईंचे यजमान बोटीवर होते. आपला संदेश त्यांनी वाचल्याची खूण उमटावी एवढीच बाईंची मागणी होती. नव्या पद्धतीत ती उमटू लागली. आठवड्याने त्यांचा फोन आला. "खूण बंद करता येते का हो? वाचून उत्तर देत नाहीत, ते आता कळतं."

अशा माणसांमुळे हे काम मला आवडते. पण ज्या प्रकरणाने मला माझे काम शिकवले, ते मंदाताईंचे.

मंदाताई संगमेश्वरपासून बऱ्याच आत, नदीच्या वरच्या अंगाला राहतात. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या आमच्या दारात आल्या तेव्हा चपलाही न काढता उभ्या राहिल्या.

"मेसेजवाली ती तूच काय गो?"

"हो. बसा ना."

"बसाया नाय आलंय. भांडाया आलंय. तुमच्या मेसेजनं माझा भाऊस तोडलान."

मी त्यांना पाणी दिले, आणि त्या बसल्या. हकिकत अशी होती. गावातल्या बारा बायकांचा गट फणसपोळी करतो. पोळी वाळवायला त्यांना बंद, स्वच्छ खोली हवी होती. मंदाताईंच्या घरामागे ती बांधायचे ठरले, पण जागेवर त्यांच्या वडिलांनी लावलेला जुना फणस उभा होता. जमीन मंदाताई आणि त्यांचे थोरले भाऊ नाना यांची सामाईक. नाना डोंबिवलीला, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ऐकल्याबरोबर टोमणा मारला, "फणस तोडून फणसपोळीचा कारखाना! वा!"

"मग मी बोललंय," मंदाताई सांगत होत्या, "नाना, तो फणस कापा जातीचा, घट्ट गऱ्यांचा. पोळी होते रसाळ बरक्याची. आणि त्याला फळ धरून किती वर्सं झाली ती मोज. तर तो बोलतो, वडलांच्या हातचा झाड हाय, मी सांगणारा कोण? देवीला विचार. ती हो बोलली तर माझी ना नाय."

वाचकांपैकी जे घाटावरचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीवर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न मोठ्याने सांगतो आणि सगळे शांत बसतात. देवीच्या उजव्या हाताकडची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या हाताकडची पडली तर नकार. माझा यावर विश्वास आहे का, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. भावाबहिणीचा होता आणि दोघांनी ही पद्धत आपणहून मान्य केली होती, एवढी गोष्ट माझ्या विश्लेषणाला पुरेशी होती.

कौल उजवा झाला. नानांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते, ते येऊ शकले नव्हते. म्हणून गुरवाच्या परवानगीने मंदाताईंनी लगेच फोटो काढला आणि भावकीच्या गटात साध्या मेसेजने पाठवला. त्यांचा फोन अँड्रॉइड. नानांचा, मुलीने वाढदिवसाला दिलेला, आयफोन. फोटो होडीतून गेला. काळी मूर्ती, समईचा प्रकाश, तगरीच्या दोन इवल्या पाकळ्या. देवीच्या डावीकडची अजून चिकटलेली पाकळी हाराच्या पांढऱ्यात विरघळली आणि उजवीकडे मूर्तीवरच्या चांदीच्या पट्टीवर चमकणारा समईचा उजेड नानांना पाकळी वाटला. त्यांनी पाहिले ते असे : उजवी जागेवर, डावी पडलेली. म्हणजे नकार.

"मी फोन केलंय, नाना, उजवा झाला. तर बोलतो, मंदे, माझ्या डोळ्यांनी बघितला. देवीच्या नावानं खोटा बोलू नको. बोलला आन् फोन ठेवलान. दोन महिने झाले. उचलत नाय."

"गुरवांनी सांगितलं नाही का?"

"गुरव माझ्या बाजूचा, असा बोलतो!"

"मग पुन्हा कौल लावला तर?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी खुर्चीत जरा मागे सरकले. "देवी काय तुमचा मेसेज हाय? पोचला नाय, परत पाठव?"

फणसाचा हंगाम तीन महिन्यांवर आला होता. तोवर खोली उभी राहिली नाही, तर गटातल्या बायका पलीकडच्या गावातल्या मोठ्या गटात जाणार होत्या. पण मंदाताईंचा आवाज ज्या ठिकाणी बसला, ते ठिकाण खोलीचे नव्हते. "देवीच्या नावानं खोटा बोलू नको" हे वाक्य त्यांनी मला दोनदा सांगितले होते.

मी नानांना फोन केला. मी कोण, हे सांगून म्हटले, "मी तुमच्या बहिणीच्या बाजूनं बोलत नाही. मी फोनच्या बाजूनं बोलते."

"हे बरं आहे," नाना म्हणाले. "फोनला तरी कुणीतरी आहे. बोला."

नव्या पद्धतीच्या चाचणीत दोघांनीही भाग घ्यावा आणि तोच फोटो नव्या मार्गाने पुन्हा पाठवावा, असे मी सुचवले. त्यांनी अट घातली. मूळ फोटो मंदाच्या फोनवरून थेट त्यांच्या फोनवर आला पाहिजे. मध्ये कोणाचा हात लागता कामा नये. "कॉम्प्युटरवर आजकाल पाकळी काय, देवीसुद्धा बदलता येते."

इम्तियाजने सुचवले होते, की ताईंचा फोटो ई-मेलने पाठवून मोकळे होऊ. अट ऐकल्यावर तो मार्ग बंद झाला. मला वाईट वाटले नाही. मला ही चाचणी हवीच होती. आमच्या टेबलावर, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोनांवर, नवी पद्धत शंभर टक्के यशस्वी झाली होती. अहवालावर 'उत्तीर्ण' असे मी स्वतः लिहिले होते. वर्षअखेरीस मला गटप्रमुख व्हायचे होते आणि एका खऱ्या कुटुंबाची, खऱ्या डोंगरातली यशोगाथा त्या अहवालाला जोडायची होती. हे लपवण्यात अर्थ नाही.

ठरलेल्या सकाळी आम्ही मंदाताईंच्या अंगणात पोहोचलो तेव्हा तेथे भावकी जमली होती. गुरवही आले होते. गटातल्या बायकांनी तांदळाच्या पिठाचे घावन केले होते. फणस घरामागे उभा होता आणि सगळे त्याच्याकडे, निकाल लागायचा आहे अशा विद्यार्थ्याकडे पाहावे, तसे पाहत होते. नाना दुसऱ्या फोनवर आमच्याशी बोलत होते. मंदाताईंनी फोटो निवडला, बोट टेकवले.

अर्ध्या मिनिटात नानांचा आवाज आला. "अहो बाई, आला."

"स्पष्ट आहे?"

"तोच चिखल परत आलाय."

एक काका म्हणाले, "रत्नागिरीवरून एवढ्या लांब आलीत, घावन तरी खावा." कोणी रागावले असते तर मला बरे वाटले असते.

घावन खात खात मी नोंदी तपासल्या. पाच मिनिटांत कारण सापडले आणि मला माझीच लाज वाटली. मंदाताईंच्या अंगणात इंटरनेट येते, जाते, पुन्हा येते. आमच्या यंत्रणेत नियम असा होता, की फोटो वीस सेकंदांत नव्या मार्गाने गेला नाही, तर वाट न पाहता त्याला जुन्या मार्गाने, लहान करून, पाठवून द्यायचे. फेरीबोट दिसेना म्हणून माल पुन्हा होडीत भरायचा. तोही पाठवणाऱ्याला न विचारता, न सांगता. टेबलावर दोन्ही फोनांना उत्तम इंटरनेट होते, त्यामुळे वीस सेकंदांची वेळ कधी आलीच नव्हती. 'उत्तीर्ण' हा शेरा मी टेबलाला दिला होता.

मंदाताई जवळ येऊन बसल्या. मी त्यांना नियम समजावून सांगितला.

"वीस सेकंद?" त्या म्हणाल्या. "एवढी कसली घाई गो त्याला?"

"लोक थांबत नाहीत, ताई. म्हणून."

"कोण नाय थांबत? कौल लावल्यावर आमी दोन-दोन तास बसतो. पाकळी पडत नाय म्हणून कोण मूर्ती हलवतो काय?"

गुरव पलीकडून म्हणाले, "हलवणारे पण बघितले हायत मी. त्यांचा कौल कोण धरत नाय."

परतीच्या वाटेवर इम्तियाज गाडी चालवत होता आणि मी मांडीवर संगणक ठेवून प्रस्ताव लिहीत होते. शब्दांचा संदेश असेल तर घाई समजण्यासारखी आहे. 'पोहोचलो' हा शब्द जुन्या मार्गाने गेला तरी त्यातले काही हरवत नाही. पण फोटोचे तसे नाही. लहान केलेला फोटो म्हणजे उशिरा पोहोचलेला फोटो नव्हे, तो दुसराच फोटो आहे. म्हणून फोटोला वाट पाहू द्यावी. पाठवणाऱ्याला 'वाट पाहत आहे' असे दिसू द्यावे. आणि लहान करून पाठवायचे की नाही, हे यंत्रणेने नव्हे, त्या माणसाने ठरवावे.

पुण्याच्या आमच्या साहेबांनी प्रस्ताव वाचून व्हिडिओ कॉल लावला. माणूस चांगला, पण घड्याळाशी लग्न लागलेला. "केतकी, ग्राहक वाट पाहत नाही. हे गृहीतच आहे."

"सर, ते कोणी तपासलंय?"

"गृहीत तपासत नाहीत."

"म्हणूनच ते चुकतं," मी म्हटले. मग धीर करून पुढचे वाक्य उच्चारले, "माझ्या आधीच्या अहवालावरचा 'उत्तीर्ण' शेरा मला मागे घ्यायचा आहे. चाचणी मी चुकीच्या जागी केली होती."

"प्रमोशनच्या वर्षी असं कोणी लिहून देत नाही," ते म्हणाले. "मुदत किती ठेवायची म्हणतेस?"

"फोटो जाईपर्यंत. किंवा पाठवणारा 'नको' म्हणेपर्यंत."

चाचणीपुरता बदल करून द्यायला त्यांनी तीन आठवडे घेतले. त्या काळात मंदाताईंचा मला रोज एक मेसेज येई. त्यात एकच शब्द असे : "झाला?"

दुसऱ्या खेपेला अंगणात गर्दी कमी होती. लोकांचा आमच्यावरचा विश्वास घावनाएवढाच पातळ उरला होता. मंदाताईंनी बोट टेकवले. पडद्यावर अक्षरे आली : वाट पाहत आहे. वीस सेकंद गेले, मिनिट गेले. एका वहिनींनी चहा आणला. कोणी मोठ्याने बोलेना. मला आधी नवल वाटले, मग कळले, की ही शांतता त्यांच्या सवयीची होती. पाकळीकडे बघत बसतात, तशी ही माणसे फोनकडे बघत बसली होती, आणि आमचे 'ग्राहक वाट पाहत नाही' हे गृहीतक त्यांच्यासोबत चटईवर बसून चहा पीत होते. चौथ्या मिनिटाला वारा सुटला. त्याचा रेंजशी संबंध नसावा, पण काकांनी फणसाला हात जोडले. सहाव्या मिनिटानंतर पडद्यावरची अक्षरे बदलली : पोहोचला.

आणि लगेच दुसरी खूण : वाचला.

नानांचा आवाज येईना. मी दोनदा "हॅलो" म्हटले. नंतर कळले, की ते बोटांनी फोटो मोठा करत होते. हार, पट्टी, समई, आणि हाराच्या कडेला शांतपणे चिकटून बसलेली ती डावी पाकळी. मग भावकीच्या गटात, सगळ्यांना एकाच वेळी, त्यांचा मेसेज उमटला :

"उजवा आहे. मंदा खरं बोलत होती. चूक माझी."

मंदाताईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छच होता.

भावकीच्या गटातल्या चौदा जणांनी त्या मेसेजवर बदाम उमटवले. येथे मी एक व्यावसायिक टीप देते. जुन्या पद्धतीत अशी प्रत्येक प्रतिक्रिया पलीकडच्या फोनवर वेगळा मेसेज होऊन, मूळ वाक्यासकट, जात असे. म्हणजे नानांच्या फोनवर "चूक माझी" हे चौदा वेळा वाजले असते आणि नवे भांडण तेथेच सुरू झाले असते. नव्या पद्धतीत बदाम गुपचूप वाक्याच्या कोपऱ्यात जाऊन बसले. माझ्या कामाचा मला इतका अभिमान क्वचित वाटला आहे.

मग फोनवरून आवाज आला. "मंदे."

"काय?"

"झाड तोडायला माणसं लावू नको. मी येतो. पहिला घाव मी घालणार."

"गुडघा?"

"गुडघा माझा आहे. तुझं काय जातं?"

"माझा काय जातंय? पडलास तर उचलाया मीच हाय मां!" मंदाताई ओरडल्या, आणि अंगणातल्या सगळ्यांना कळले, की इतक्या महिन्यांचे सगळे आता फिटेपर्यंत ही दोघे अशीच बोलणार आहेत. आम्ही निघालो तेव्हा ती दोघे खोलीच्या दाराच्या दिशेवरून भांडत होती.

खोली हंगामाआधी उभी राहिली. फणसाच्या लाकडाची दारे नानांनी स्वतः उभे राहून करून घेतली. फोटोला वाट पाहू देण्याचा नियम चाचणीनंतर कायम झाला. गटप्रमुखपद मला त्या वर्षी मिळाले नाही. मागे घेतलेला 'उत्तीर्ण' शेरा बढती ठरवणाऱ्या समितीला आवडला नसावा. पुढच्या वर्षी मिळाले. आमच्या कार्यालयात आता कुठलीही चाचणी टेबलावर पूर्ण होत नाही. ती कोणाच्या तरी अंगणात, परसात किंवा जेटीवर होते आणि इम्तियाजचा डोंगरांविषयीचा मुद्दा मी अधिकृतपणे मान्य केला आहे.

नानांचा मला अधूनमधून फोन येतो, तो बहुतेक तक्रारीचा. "अहो बाई, मंदा रोज पोळीचे फोटो पाठवते. तुमच्यामुळे इतके स्पष्ट येतात, की त्यातली वेलची मोजता येते. पण पोळी?"

पोळी अजून कोणत्याही फोनमधून जात नाही, हे मी त्यांना समजावले आहे. ती एसटीने जाते. तरी उशीर झाला, की तक्रार माझ्याकडेच नोंदवली जाते आणि मी ती नोंदवून घेते.